गणवेश खरा, बूट खोटे

लष्करी पोशाखाच्या कुठल्याही प्रदर्शनात पाहणाऱ्याची नजर वरून खाली उतरते. आधी टोपी किंवा फेटा, मग छातीवरची पदके, मग खांद्यावरची पितळी अक्षरे, पट्टा, बक्कल. गुडघ्यांपर्यंत येईतो ती थकलेली असते. मांडणारे लोकही याच क्रमाने थकतात असा माझा अनुभव आहे, आणि म्हणून पायांत जे सापडेल ते घातले जाते. हा लेख त्या 'जे सापडेल ते'विषयी आहे. विषय क्षुल्लक वाटेल. साहित्याच्या वाचकांना तर अस्थानीही वाटेल. पण गेल्या वर्षभरात या एका प्रश्नाने मला संहिता, पुरावा आणि कल्पना यांच्याविषयी जेवढे विचारात पाडले, तेवढे अलीकडच्या एकाही चर्चासत्राने पाडलेले नाही.

प्रसंग साधा होता. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माजी सैनिकांच्या जुन्या गणवेशांचे छोटेसे प्रदर्शन भरायचे होते. गावातून दोन्ही महायुद्धांत माणसे गेलेली. जागा म्हणजे शाळेच्या दोन खोल्या, खर्च लोकवर्गणीचा. मी मराठीचा शिक्षक असल्यामुळे फलकांवरचा मजकूर तपासून द्यावा, एवढ्यापुरते मला बोलावले होते. (ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढणे एवढेच आमच्या व्यवसायाचे सार्वजनिक रूप उरले आहे.) प्रदर्शनातली मुख्य वस्तू म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतल्या एका हवालदाराचा गणवेश. हा माणूस १९४४-४५ साली इटलीत लढला होता. घरच्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत, कडुनिंबाच्या पाल्यात त्याचा लोकरी बॅटलड्रेस जपून ठेवला होता: आखूड जाकीट, विजार, जाड विणीचा पट्टा, घोट्यांवर बांधायची दोन अँक्लेट आणि 'इटली स्टार' धरून काही पदके. कसरीने दोन ठिकाणी खाल्लेले सोडले तर सारे शाबूत. आणि पुतळ्याच्या पायांत? एन.सी.सी.च्या मुलांसाठी बाजारात मिळतात ते काळे, उंच, रबरी तळव्याचे, आरशासारखे चकाकणारे बूट. त्यांच्या जाड गळ्यावर अँक्लेट बसेनात म्हणून ती बाजूला ठेवली होती आणि विजार बुटांत खोचून दिली होती.

मी हरकत घेतली. उत्तर मिळाले, "सर, पायाकडं कोण बघतंय?"

हे उत्तर मी याआधीही ऐकले आहे, निराळ्या शब्दांत. ऐतिहासिक कादंबरीत सतराव्या शतकातला सरदार बटाट्याची भाजी मागतो, तेव्हा लेखकाचे चाहते हेच म्हणतात: तपशिलाकडे कोण बघतो, भावना बघा. मला हा युक्तिवाद कधीच पटलेला नाही. तपशील चुकला म्हणजे भावना खोटी ठरते असे नव्हे. पण तो का चुकला याची चौकशी केली की बहुधा असे आढळते, की लेखकाला त्या माणसाविषयी कुतूहलच नव्हते. त्याला फक्त त्या माणसाचा उपयोग करून घ्यायचा होता. पुतळ्याच्या पायांतले बूट हा कुतूहलाचा असाच पुरावा असतो.

आता चूक नेमकी काय होती ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि हिंदी पायदळ जे बूट वापरत असे त्याला 'अ‍ॅम्युनिशन बूट' म्हणत. तो घोट्याच्या किंचित वर येतो, अधिक नाही. कातडे दाणेदार, चवड्यावर त्याचाच आणखी एक थर. तळवा कातड्याचा, थरावर थर देऊन केलेला. त्यात लोखंडी खिळे ठोकलेले, टाचेला घोड्याच्या नालेसारखी लोखंडी पट्टी, पुढे अंगठ्याखाली आणखी एक पट्टी. फरसबंदीवरून पलटण गेली की जो खडखडाट होई तो या लोखंडाचा. बूट आखूड असल्यामुळेच वरची फट झाकायला अँक्लेट किंवा पायपट्टी लागे. म्हणजे अँक्लेट हा काही शोभेचा दागिना नव्हे. बूट आणि विजार यांच्यामधली ती सांधेजोड आहे. बूट बदलला की अँक्लेट निरर्थक होते, विजारीची चुणी निरर्थक होते, गुडघ्याखालचे सगळे वाक्यच बिघडते. एकसंध तळव्याचा, साच्यात ओतून चिकटवलेल्या रबराचा बूट लष्करात आला तो युद्ध संपून बरीच वर्षे झाल्यावर. हवालदाराने तो कधी पाहिलाही असण्याचा संभव कमीच.

चकाकीचे प्रकरण वेगळे. जुन्या गणवेशाचे प्रदर्शन मांडणाऱ्या प्रत्येकाला बूट चमकवायचा मोह होतो, कारण सैनिक म्हणजे परेड असे आपल्या मनात बसले आहे. परेडचा बूट चमकतो हे खरे. थुंकी आणि पॉलिश लावून तासन्‌तास घासलेल्या बुटात चेहरा दिसत असे. पण रणांगणावरच्या बुटाला पाणी शिरू नये म्हणून चरबी-मेणाचे डबिन चोळत, आणि डबिनने कातडे मऊ, निस्तेज, थोडे मळकट दिसते. इटलीतला १९४४-४५चा हिवाळा चिखलाचा होता. ज्या सेनिओ नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ रोजी शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तिच्याच आसपास आमचा हवालदार होता असे घरचे सांगत. अशा माणसाच्या लढाईतल्या गणवेशाखाली परेडचा बूट घालणे म्हणजे शोकगीताला लावणीची चाल देण्यासारखे आहे. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. जागा मात्र चुकलेली.

कालोचित पादत्राण म्हटले की लोकांना केवळ साल जुळवायचे असते असे वाटते. ते पुरेसे नाही. त्याच सालातले दोन सैनिक शेजारी उभे केले तरी त्यांचे पाय निराळे असू शकतात. पायपट्टीचेच उदाहरण घ्या. इंग्रजांनी 'पटी' हा शब्द आपल्याकडच्या पट्टीवरूनच उचलला आणि ती वस्तूही याच देशात आपलीशी केली. पहिल्या महायुद्धात पायदळाचा शिपाई ती घोट्यापासून वर गुंडाळत गुडघ्याखाली बांधी. घोडदळाचा स्वार गुडघ्यापासून खाली गुंडाळत घोट्याशी बांधी. कापड एकच, काळ एकच, पण नाडी कुठे बांधली आहे यावरून माणूस चालत लढला की घोड्यावरून, ते कळते. वायव्य सरहद्दीवरच्या पंजाब फ्रंटिअर फोर्सच्या पलटणी तर डोंगराळ मुलखात बुटांऐवजी चपल्या वापरत. पठाणी धाटणीच्या, जाड तळव्याच्या, पट्ट्यांच्या. साहेबही त्या घालत. एखाद्या संग्रहालयाने त्या शिपायाला बूट चढवले तर साल बरोबर येईल आणि माणूस चुकेल.

आणखी मागे गेलो तर गोष्ट अधिकच अवघड होते. कंपनी सरकारच्या देशी पायदळाची अठराव्या शतकाच्या अखेरीची आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची चित्रे पाहावीत. वर लाल कोट, पांढरे पट्टे, डोक्यावर पागोट्याचा कसलासा युरोपीय अवतार. खाली आखूड चोळणा, आणि पाय उघडे नाहीतर साध्या वहाणांत. साम्राज्य कमरेपर्यंत आले होते, खाली यायचे होते. आजचे चित्रपट आणि मिरवणुकांतले देखावे या शिपायाला सर्रास गुडघाभर बूट घालतात. का, तर अनवाणी सैनिक आपल्याला सैनिक वाटत नाही. म्हणजे पादत्राणाच्या बाबतीत आपण अजूनही त्याच साहेबाच्या नजरेने पाहतो, ज्याच्यावर टीका करणारे निबंध आपण विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो.

खरा पेच पुढे आहे. सैनिकाच्या आयुष्यातला कुठला दिवस तुम्ही मांडणार? सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही फौज ७ डिसेंबर १९१५पासून कुत-अल-अमारात वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आली. सुमारे तेरा हजार माणसे कैदी झाली. त्यांना बगदाद, समारा, मोसुल, रास-अल-ऐन अशा वाटेने वाळवंटातून चालवत नेले. वाटेत कुणाचे बूट पहारेकऱ्यांनी हिसकावले, कुणी भाकरीसाठी विकले, कुणाचे फाटून गळाले. माणसे पायांना चिंध्या बांधून चालली, आणि अनेक तशीच वाटेत राहिली. आता सांगा, ११०व्या मराठा पलटणीतल्या शिपायासाठी कालोचित पादत्राण कोणते? १९१४ साली मुंबईच्या बंदरावर होते ते, की १९१६च्या जूनमधले? प्रदर्शने नेहमी पहिले उत्तर निवडतात. सैनिक निघतानाचा असतो, परततानाचा नसतो.

या वाटेने गेलेल्यांत शिशिरप्रसाद सर्वाधिकारी नावाचे एक बंगाली तरुण होते. बंगाल अ‍ॅम्ब्युलन्स कोअरमध्ये होते, सैनिक नव्हते. त्यांनी पुढे १९५०च्या दशकात 'अभि ले बगदाद' हे आठवणींचे पुस्तक बंगालीत लिहिले. त्या पुस्तकाच्या मुळाशी असलेली रोजनिशी कशी वाचली ते ऐकण्यासारखे आहे. कुत पडल्यावर त्यांनी वही फाडली आणि पाने आपल्या बुटांत दडवली. त्या चिठोऱ्यांवरून पुढे पुन्हा लिहून काढली. भारतीय सैनिकांनी आणि मदतनिसांनी पहिल्या महायुद्धाविषयी स्वतः लिहिलेले इतके थोडे उरले आहे, की हे एक पुस्तक म्हणजे ठेवाच आहे. तो ठेवा काही काळ एका बुटात होता. साहित्याच्या प्राध्यापकांनी बुटांकडे का पाहावे, असे मला कुणी विचारले तर मी आता एवढेच सांगतो.

मराठी शिपायांपैकी कुणी असे लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यांच्या बाबतीत संहिता नाहीच, वस्तू आहेत. म्हणूनच वस्तूंच्या बाबतीत आपण संहितेइतकेच कडक असायला हवे, असा माझा आग्रह आहे.

आग्रहाचे टोक गाठणारेही असतात हे मान्य करायला हवे. जुन्या लष्करी वस्तूंच्या शौकिनांपैकी काहींशी या निमित्ताने बोलणे झाले. बुटाला नाडीची भोके किती, शिवण एकेरी की दुहेरी, खिळे किती नि कोणत्या ओळीत, आत शिक्का आहे की नाही, यांवर ते तासभर बोलतात, आणि ते ज्ञान खरे असते. मला त्याचा उपयोगच झाला. पण त्यांचा हवालदार शेवटी कुणीच नसतो. तो बुटांना उभे राहण्यासाठी लागणारा खुंट असतो. नव्याने बनवलेला हुबेहूब बूट, एकही सुरकुती नसलेला, ऐंशी वर्षांपूर्वीच्या घामाने कडक झालेल्या विजारीखाली घातला की सगळे मुद्दे बरोबर येतात आणि चित्र मात्र खोटे दिसते. आमच्या क्षेत्रातही असे संशोधक आहेत. त्यांच्या तळटीपा निर्दोष असतात आणि कवी मेलेला असतो.

म्हणून मी शाळेत सुचवले ते असे: योग्य बूट मिळत नसतील तर पाय मोकळे ठेवा. पुतळ्याचे लाकडी पाय दिसू द्या. अँक्लेट विजारीवर जिथे असायची तिथे बांधा, आणि फलकावर लिहा की बूट उपलब्ध नाहीत.

या सूचनेमागे माझ्या मनात एक जुना आदर्श होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. स. सुखटणकरांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा शेकडो हस्तलिखितांच्या पाठभेदांतून त्यांना एक पाठ निवडावा लागे. पुष्कळदा निवड खात्रीची नसे. तिथे त्यांनी काय केले? पाठ छापला, पण त्याच्याखाली नागमोडी रेघ दिली. वाचकाला कळावे की हे संपादकाचे अनुमान आहे, याला मूळ समजू नका. किती सभ्य खूण आहे ही! महाभारत वाचता येते, थांबावे लागत नाही, आणि फसवणूकही होत नाही. गणवेशाच्या प्रदर्शनाला अशी नागमोडी रेघ का नसावी? जाकीट हवालदाराचे, पट्टा हवालदाराचा, बूट संपादकाचे, हे पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात का कळू नये?

माझे हे बोलणे समितीला पटले. हवालदाराच्या नातवाला मात्र पटले नाही. चाळिशीचा, शेती करणारा, मितभाषी माणूस. सगळ्यांचे झाल्यावर तो म्हणाला, "सर, तुमचं बरोबर असंल. पण आज्याला अनवाणी उभा करू नका. तो अनवाणीच गेला होता घरातनं. बूट त्याला पलटणीनं दिलं. ते काढून घ्याया लागलाय तुम्ही."

मी गप्प झालो. या वाक्याला उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते. आम्ही प्राध्यापक मंडळी रिकाम्या जागेच्या प्रेमात असतो. मौन, अभाव, अनुपस्थिती हे शब्द आम्हाला फार बोलके वाटतात. पण ज्याच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी पादत्राण ही चैन होती, त्याला रिकामे पाय म्हणजे 'अभावाचे सूचन' वाटत नाहीत. ते त्याला रिकामे पायच वाटतात. मोकळ्या पायांचा पुतळा बूट नसल्याचे सांगत नाही, माणसाकडे बूट नव्हते असे सांगतो; आणि हेही एक असत्यच. जो पाय लहानपणापासून अनवाणी वाढला तो पंजात रुंद होतो; त्याला युरोपीय पायाच्या साच्यावर बेतलेला बूट पहिले काही महिने किती छळत असेल याची कल्पना करावी. तो छळ सोसून मिळवलेली वस्तू मी फलकावरच्या एका ओळीत मिटवायला निघालो होतो.

याच वेळी दुसऱ्या खोलीत एक दुसरी गोष्ट चालली होती. गावातल्या महार रेजिमेंटमधल्या एका सैनिकाच्या घरून प्रदर्शनासाठी काही मागितले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली गेली. पुढे ऑक्टोबर १९४१मध्ये बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली. हा इतिहास फलकावर होता. घरात मात्र गणवेश उरला नव्हता. त्या सैनिकाच्या वयस्क सूनबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, कपडे नाहीत, पण बुटाचं लिहा. मामंजी रजेवर पहिल्यांदा आले तेव्हा बूट घालून वेशीतून आत आले. त्यांच्या वडलांना चावडीपुढून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. त्या दिवशी लोकांनी आधी बुटांचा आवाज ऐकला आणि मग माणूस पाहिला. पुढे काय झाले, कुणी अडवले का, हे मी विचारले. त्या म्हणाल्या, "सरकारचे बूट व्हते. कोन काय बोलनार?" एवढे सांगून त्या थांबल्या, मीही अधिक खोदले नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आले की इतका वेळ मी प्रश्नच उलटा धरला होता. गणवेशाला शोभेल असा बूट शोधणे, हा झाला संग्राहकाचा प्रश्न. त्यात गणवेश मुख्य आणि बूट गौण. पण या गावातल्या माणसांच्या हिशेबात बूट मुख्य होता. खाकी कापड त्यांनी आधीही पाहिले असेल. पोलिसाच्या अंगावर, जंगलखात्याच्या शिपायाच्या अंगावर. लोखंडी खिळ्यांचा जाड कातडी बूट स्वतःच्या पायात येणे ही वेगळी घटना होती. त्यात आणखी एक विपर्यास आहे. हे बूट कातड्याचे. कातडे कमावणारे आणि शिवणारे हात ज्या जातींचे, त्यांना गावात त्याच कातड्यामुळे अस्पृश्य ठरवले गेले. कानपुरात सरकारी हार्नेस कारखाना होता, कूपर अ‍ॅलनसारख्या कंपन्या होत्या. लष्करासाठी तिथे बूट तयार होत. ज्यांनी ते शिवले त्यांची नावे कुठल्याच प्रदर्शनात नसतात, आमच्याही नव्हती.

अशा ठिकाणी वाचकांना व्हॅन गॉगच्या बुटांची आठवण होणार, तेव्हा तेही बोलून टाकू. हायडेगरने त्या चित्रातले बूट शेतकरी बाईचे मानले आणि त्यांतून माती, कष्ट, भाकरीची चिंता असे सारे जग उभे केले. मेयर शापिरोने १९६८ साली दाखवून दिले की ते बूट बहुधा चित्रकाराचे स्वतःचे, शहरातले. देरिदाने मग दोघांनाही विचारले की बूट कुणालातरी परत करण्याची ही घाई का? वर्गात मी हा वाद दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी देरिदाची बाजू घेतो, कारण ती अधिक चलाख आहे. त्या शाळेत उभा राहिल्यावर मला प्रथमच शापिरोचे महत्त्व कळले. बूट कुणाचे, हा प्रश्न चलाखीने टोलवता येतो तो ते चित्रातले असतात म्हणून. नातू समोर उभा असताना नाही.

मग आम्ही शोध सुरू केला. घरी एक फोटो निघाला, स्टुडिओत काढलेला, १९४५ किंवा ४६चा. हवालदार खुर्चीत बसलेला, मागे रंगवलेला पडदा, आणि पायांत घोट्याएवढे बूट, वर अँक्लेट, बूट चमकवलेले. स्टुडिओतला फोटो म्हणजे परेडच, त्यामुळे चकाकीविषयीचे माझे म्हणणे त्या फोटोने खोडले नाही, पण जरा नरम केले. फोटो आईबापांना पाठवायचा होता. त्याला स्वतःला कसे दिसायचे होते, हाही पुरावाच.

खुद्द बुटांचे काय झाले, हे नातवाला विचारले. गणवेश ट्रंकेत गेला तसे बूट का गेले नाहीत? तो हसला. बूट कोण ठेवतो? युद्धानंतर आजोबांनी ते शेतात वापरले. पावसाळ्यात बांधावर तेच असत. टाच झिजली तेव्हा गावच्या चांभाराने खिळे नि नाल काढून घेतली, आणि वरचे कातडे अजून चांगले होते म्हणून त्याचे ठिगळ मोटेला लागले. पुढे मोट गेली, इंजिन आले. म्हणजे हवालदाराचे खरे, कालोचित बूट शेवटी विहिरीत खालीवर करत संपले. कपडे जपले जातात कारण ते नंतर घालण्याजोगे नसतात. बूट मरतात कारण ते उपयोगी असतात. जगभरच्या संग्रहांत लष्करी कोट अधिक आणि सामान्य सैनिकाचे झिजलेले बूट कमी आढळतात, त्याचे कारणही यापेक्षा फार निराळे नसावे.

याच हिशेबाने १९६२चे उदाहरण समितीपुढे ठेवले, कारण गावातून त्या युद्धातही माणसे गेली होती आणि पुढच्या वर्षी त्यांचे दालन करायचा बेत आहे. त्या ऑक्टोबरात नेफाच्या हिमालयात सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत धाडलेल्या जवानांची हकीकत सर्वश्रुत आहे. नामका चूच्या काठी सातवी ब्रिगेड होती, २० ऑक्टोबरला हल्ला झाला. त्या जवानाचा पुतळा उभारताना आजचे बर्फातले जाड बूट त्याला घालाल, तर त्याच्या पायांवर कुणी काय लादले ते तुम्ही पुसून टाकाल. तिथे कॅनव्हासचाच बूट हवा, स्वस्त, पातळ, आणि दिव्याच्या पुरत्या उजेडात. समितीतले एक निवृत्त सुभेदार यावर म्हणाले, "ते बघून लोक सरकारला शिव्या देतील." देऊ देत, असे मी म्हणालो. यावर अजून निर्णय झालेला नाही.

हवालदाराच्या बाबतीत झाला. एका संग्राहकाने अ‍ॅम्युनिशन बुटांची एक जोडी काही महिन्यांसाठी दिली. त्याच धाटणीची, खिळ्यांची, वापरून सुरकुतलेली, कुणा अनोळखी सैनिकाची. ती पुतळ्याच्या पायांत घालायला मीच प्रथम नको म्हणालो होतो. जुने कातडे वाळलेले असते, ताठ लाकडी पाऊल आत दडपताना ते तडकते. एके ठिकाणी तर बूट चढवण्यासाठी टाचेमागची शिवण उसवलेली मी स्वतः पाहिली आहे. शेवटी पुतळ्याचा पाय घोट्यापाशी कापून आखूड केला, बुटांत मऊ कागद भरला आणि विजारीच्या तोंडाशी ते नुसते टेकवून ठेवले. अँक्लेट बसली. तीन पावले मागून पाहिले तर हवालदार बूट घालून उभा आहे. जवळून पाहिले तर बूट आणि पाय यांच्यामध्ये बोटभर अंतर आहे. डबिन लावायचे की पॉलिश, यावर नातवाचा आणि माझा वाद झाला. पॉलिश लागले.

फलकाचा मजकूर मी चार वेळा लिहिला. शेवटचा असा: 'जाकीट, विजार, पट्टा, अँक्लेट आणि पदके हवालदारांची. बूट त्याच काळातले, दुसऱ्या सैनिकाचे. हवालदारांचे स्वतःचे बूट शेतात वापरून संपले.' दुसऱ्या खोलीत एका रिकाम्या चौथऱ्यावर फक्त सूनबाईंनी सांगितलेली हकीकत लावली, त्यांच्याच शब्दांत. 'व्हते' आणि 'कोन' तसेच ठेवून. शाळेतल्या एका शिक्षिकेने उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी ते 'होते' आणि 'कोण' असे दुरुस्त केले होते. मी ते पुन्हा पूर्ववत केले, आणि फलक वाळेपर्यंत तिथेच बसून राहिलो.